यंत्र शिकते म्हणजे काय? – एका फिरत्या प्रदर्शनाचा बोध

मुलांस एखादी गोष्ट सांगून कळते, दाखवून अधिक कळते आणि स्वतः करून पाहिली म्हणजे मनात ठसते, हा प्राथमिक शिक्षकांचा नित्याचा अनुभव होय. कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषयही यास अपवाद नाही. हे नाव आज खेडोपाडी पोहोचले आहे. तथापि यंत्र ‘शिकते’ म्हणजे नेमके काय करते, हे सांगू शकणारे थोडेच आढळतात. हा उलगडा सामान्य जनांस व्हावा, म्हणून जर्मनीत झालेले प्रयत्न शिक्षकांनी ध्यानात घेण्याजोगे आहेत.

फिरत्या प्रदर्शनाची कल्पना भारतास नवी नाही. कलकत्त्याच्या बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालयाने १९६५ सालीच विज्ञानाचे फिरते प्रदर्शन सुरू केले होते. जर्मनीत २००२ सालापासून एक मालवाहू जहाज विज्ञान-प्रदर्शन घेऊन नदीकाठच्या शहरांतून फिरू लागले. २०१९ साली त्याचा विषय कृत्रिम बुद्धिमत्ता हा होता. ओबरवोल्फाख येथील गणित-संशोधन संस्थेत २००८ साली जन्मलेल्या ‘इमॅजिनरी’ या उपक्रमानेही याच विषयावर ‘आय ॲम ए. आय.’ हे फिरते प्रदर्शन उभारले. त्यात प्रेक्षकाने केवळ पाहावयाचे नसते. हात लावावयाचा, प्रश्न विचारावयाचा आणि यंत्राची चूकही स्वतः पकडावयाची असते.

त्यातील एका खेळात प्रेक्षक नावाडी होतो. समुद्राच्या तळाशी, सर्वांत खोल जागी, खजिना आहे. परंतु तळ दिसत नाही. दोर सोडून त्या जागेची खोली व उतार मात्र कळतो. उतार जिकडे, तिकडे नाव न्यावी आणि पुन्हा दोर सोडावा. यंत्राचे शिक्षण असेच चालते. आपली चूक कोणत्या दिशेस कमी होते ते पाहून ते लहान लहान पावले टाकते. एखाद्या उथळ खड्ड्यासच सर्वांत खोल जागा समजून नावाडी थांबतो, तसा यंत्राचाही घोटाळा होतो.

दुसऱ्या एका खेळात प्रेक्षक पडद्यावर बोटाने अंक काढतो व यंत्र तो ओळखते. अशा यंत्रास शिकविण्यासाठी जो प्रसिद्ध नमुनासंग्रह वापरतात, त्यात शिक्षणासाठी ६०,००० आणि परीक्षेसाठी १०,००० हस्तलिखित अंक आहेत. प्रत्येक अंक २८ गुणिले २८, म्हणजे ७८४ चौकोनांत मांडलेला असतो. यंत्रास अंकाचा अर्थ ठाऊक नसतो. कोणता चौकोन किती गडद, एवढेच ते पाहते, उत्तर देते आणि चुकल्यास आतील मापे किंचित बदलते. हे सहस्रावधी वेळा घडले म्हणजे ओळख पक्की होते.

शिक्षकांच्या विचाराचे खरे स्थळ येथेच आहे. त्या संग्रहातील अंक अमेरिकेच्या जनगणना खात्यातील कर्मचारी आणि तेथील माध्यमिक शाळांचे विद्यार्थी यांच्या हातचे आहेत. अशा यंत्रापुढे मराठी शाळेतील मुलाने १ काढला, तर यंत्र त्यास इंग्रजी नऊ मानण्याचा संभव आहे. ४ काढला, तर इंग्रजी आठ. फूल काढले, तरीही ते दहांपैकी कोणता तरी अंकच सांगेल. कारण ‘मला ठाऊक नाही’ हे उत्तर त्यास शिकविलेलेच नसते. येथे दोष मुलाच्या हस्ताक्षराचा नसून नमुन्यांच्या अपुरेपणाचा आहे. मुलांचे लेखन तपासण्याचे वा वाचन ऐकण्याचे काम उद्या यंत्राकडे आले, तर त्याच्या नमुन्यांत आपल्या मुलांची अक्षरे व आपल्या भागातील बोली होती काय, हे विचारणे शिक्षकाचे कर्तव्य ठरेल.

असे प्रदर्शन प्रत्येक गावी येणे कठीण; पण त्यातील तत्त्व वर्गात दाखविता येते. ब्रिटिश शास्त्रज्ञ डोनाल्ड मिची यांनी १९६१ साली ३०४ काड्यापेट्या व रंगीत मणी घेऊन फुली-गोळा शिकणारे ‘यंत्र’ सिद्ध केले. त्याच धर्तीवरील एक सोपा खेळ असा :

दहा चिंचोके मांडावे. दोघांनी आळीपाळीने एक किंवा दोन उचलावे; शेवटचा उचलणारा जिंकला. एका बाजूस मूल व दुसऱ्या बाजूस काड्यापेट्यांचे यंत्र असावे आणि पहिली पाळी नेहमी यंत्राची ठेवावी. १ ते ८ व १० असे आकडे घातलेल्या नऊ पेट्या घ्याव्या. ९ चिंचोक्यांची पाळी यंत्रावर येतच नाही. प्रत्येक पेटीत एक तांबडा व एक पांढरा मणी ठेवावा. १ च्या पेटीत तांबडा तेवढाच. जितके चिंचोके उरले असतील, त्या आकड्याची पेटी उघडून न पाहता मणी काढावा. तांबडा म्हणजे एक उचलणे, पांढरा म्हणजे दोन. काढलेला मणी पेटीपुढेच ठेवावा. यंत्र जिंकल्यास सर्व मणी पेट्यांत परत टाकावे. हरल्यास शेवटच्या चालीचा मणी कायमचा जप्त करून बाकीचे परत टाकावे. पेटी रिकामी निघाल्यास यंत्र हरले असे मानून त्याच्या आधीच्या चालीचा मणी जप्त करावा.

हे यंत्र दहाहून अधिक वेळा हरू शकत नाही; कारण जप्त होणारा प्रत्येक मणी चुकीच्या चालीचाच असतो आणि असे मणी एकंदर दहाच आहेत. पुढे ते अजिंक्य होते. मात्र चिंचोके म्हणजे काय, खेळ म्हणजे काय, हे त्या पेट्यांस तेव्हाही कळलेले नसते.

खेळ संपल्यावर चिंचोके अकरा करून पाहावे. अकराची पेटीच नाही, म्हणून यंत्र पहिल्याच पाळीस अडते. त्याचे कारण मुलांनी आपल्या शब्दांत सांगावे आणि शिक्षकांनी ते फळ्यावर लिहून घ्यावे.