ढोलाला गुण किती?

काही वर्षांपूर्वी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका गावी ढोल स्पर्धेचा परीक्षक म्हणून मला बोलावले होते. आयुष्य बँकेत आकडे जुळवण्यात गेलेले. गुणपत्रिका हाती पडताच बरे वाटले. गणवेश, शिस्त, ताल आणि वेळ दहा मिनिटे.

पहिले पथक पुणेरी वळणाचे. फायबरच्या पानांचे ढोल कमरेला, सोबत ताशा. सगळ्यांचे टिपरू एकाच क्षणी पडे. मी सढळ हाताने गुण दिले.

मग सातपुड्यातली मंडळी आली. चामड्याचा भलाथोरला ढोल, जोडीला बासरी. आमच्याकडे न पाहता त्यांनी गोल धरला आणि नाचू लागली. घंटा झाली तरी ढोल थांबेना. मी वेळेचे गुण कापले.

पुढे होळीला अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीला गेलो. तिथली राजवाडी होळी पेटते पहाटे. रात्र सारी नाचण्याची. कमरेला सुके भोपळे नि घुंगरू बांधलेले बुध्या नाचत होते, आणि पाय थांबत नाहीत तोवर ढोलही थांबत नव्हता. तो ऐकवायला नव्हे, नाचवायला वाजत होता.

पुणेरी ढोलही खोटा नव्हे. चालत्या मिरवणुकीला शिस्त हवीच. त्यासाठी पोरेपोरी गणपतीआधी दोन-दोन महिने घाम गाळतात. पण दोन ढोलांना एकच गुणपत्रिका लावली, ती चूक माझी.

परवा कळले, त्या पाड्यावरच्या मुलांनी आता फायबरचे ढोल घेतले आहेत. वेळेचे गुण पूर्ण मिळतात म्हणे.