एकाच लेन्समध्ये सगळं भागतं का?
मिररलेस कॅमेऱ्यासाठी झूम लेन्स घेताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

तुळशीची लग्नं लागली की गडहिंग्लजमध्ये माणसांची सुरू होतात, आणि फोटो स्टुडिओच्या काउंटरवर एकच प्रश्न फिरू लागतो : ‘दादा, मिररलेस घेतलाय. एकच लेन्स सांगा, सगळं भागलं पाहिजे.’ या ‘सगळ्या’त काय काय येतं ते बघा. कार्यालयातलं लग्न, एम. आर. हायस्कूलच्या मैदानावरचा फुटबॉल, मार्केट यार्डातले लालभडक संकेश्वरी मिरचीचे ढीग, सामानगडावरची विहीर आणि पावसाळ्यातली आंबोली. उत्तरंही ठरलेली असतात. एक जण सांगतो ‘डोळे झाकून २४-७० घे’, दुसरा म्हणतो ‘१८-२०० घे, बदलायची भानगडच नको’.

दोन्ही उत्तरं कुणाच्या ना कुणाच्या बाबतीत बरोबर असतात. फक्त सांगणाऱ्यानं दोन प्रश्न विचारलेले नसतात : तू उभा कुठं राहणार, आणि तिथं उजेड किती? पुढचे बहुतेक गैरसमज हे दोन प्रश्न गाळल्यामुळेच झालेले आहेत.

गैरसमज १ : झूम म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स

वस्तुस्थिती : झूम म्हणजे जिची फोकल लेंग्थ बदलता येते ती लेन्स, मग ती लांबचं दाखवो की जवळचं. १६-३५ मिलिमीटरची लेन्स झूमच आहे, पण तिच्यातून लांबचा माणूस मुंगीएवढा दिसतो. उलट ६०० मिलिमीटरची प्राइम लेन्स झाडावरचा पक्षी समोर आणते, तरी ती झूम नाही, कारण तिचा आकडा हलत नाही.

‘किती एक्स झूम आहे?’ या प्रश्नानंही फसगत होते. मोठा आकडा भागिले छोटा आकडा म्हणजे एक्स. ७०-२०० जेमतेम ३ एक्स आहे आणि १८-५५ ही किट लेन्सही ३ एक्सच. म्हणून एक्स विचारू नका, दोन टोकं विचारा. छोटा आकडा सांगतो की अडचणीच्या जागेत किती मावेल. मोठा सांगतो की लांबून किती जवळ जाता येईल.

गैरसमज २ : २४-७० कुठल्याही कॅमेऱ्याला लावा, २४-७०च

वस्तुस्थिती : आकडा तोच राहतो, दिसणारं दृश्य मात्र बदलतं. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा असतो. सोनी, निकॉन आणि फुजीफिल्मच्या क्रॉप (म्हणजे त्याहून छोट्या) सेन्सरवर दृश्य दीडपट आवळलं जातं, कॅननच्या क्रॉप सेन्सरवर १.६ पट, तर मायक्रो फोर थर्ड्‌समध्ये दुप्पट.

हे कार्यालयात कसं नडतं ते पाहा. स्टेजसमोर पाहुण्यांच्या खुर्च्या, मागं व्हिडिओवाला, आणि तुम्हाला उभं राहायला मिळतं स्टेजपासून १५ फुटांवर. फुल फ्रेमवर २४ मिलिमीटरला तिथून साडेबावीस फूट रुंदीचं स्टेज मावतं. तीच लेन्स दीडपट क्रॉपच्या कॅमेऱ्यावर लावली, की १५ फूटच मावतं. नवरा-नवरी येतात, दोन्हीकडचे मामा कापले जातात. मागं सरकायला जागा नसते आणि अक्षता पडायच्या थांबत नाहीत.

‘पुढं कधीतरी फुल फ्रेम घेऊ’ म्हणून आजच २४-७० घेणारे इथंच अडकतात. क्रॉप कॅमेऱ्यासाठी सर्वसाधारण कामाची झूम १६, १७ किंवा १८ पासून सुरू व्हायला हवी. सिग्माची १८-५० एफ/२.८ (एफचा आकडा जितका छोटा, तितका उजेड जास्त) ही लेन्स ३०० ग्रॅमच्याही आत आहे. टॅम्रॉनची १७-७० एफ/२.८ साधारण ५२५ ग्रॅमची. दोन्ही क्रॉप सेन्सरसाठीच बनवलेल्या आहेत. उलटी चूकही होते. क्रॉपची लेन्स फुल फ्रेमवर लावली तर कॅमेरा सेन्सरचा मधलाच भाग वापरतो आणि २४ मेगापिक्सेलचे साधारण १० उरतात.

गैरसमज ३ : १८-३०० घेतली की दुसरी लेन्स लागतच नाही

वस्तुस्थिती : मोठ्या पल्ल्याची झूम हा उत्तम प्रवासी सोबती आहे, तिची किंमत आपण उजेडात मोजतो.

मैदानाचं गणित करू. तुम्ही गोलपोस्टच्या मागं आहात आणि ६ फुटी खेळाडू १५० फुटांवर आहे. फुल फ्रेमवर ७० मिलिमीटरला तो फोटोच्या उंचीच्या साधारण आठवा-नववा हिस्सा व्यापतो; जर्सीचा नंबर कसाबसा वाचता येतो. २०० मिलिमीटरला तो एक तृतीयांश होतो. दीडपट क्रॉपवर २०० लावली तर जवळजवळ निम्मा. म्हणजे फुटबॉलसाठी लांब टोक लागतंच, २४-७० तिथं उपयोगाची नाही. मग १८-३०० का नको? दुपारच्या सामन्याला खुशाल घ्या. पण अंतिम सामना लांबतो आणि ऊन काळभैरवाच्या डोंगरामागं जातं, तेव्हा या लेन्सचं लांब टोक एफ/६.३ वर असतं. एफ/२.८ च्या तुलनेत तिथून फक्त पाचवा हिस्सा उजेड आत येतो. पळणारा खेळाडू गोठवायला शटर सेकंदाचा पाचशेवा किंवा हजारावा भाग ठेवायचा, तर आयएसओ १६०० ऐवजी ८००० करावा लागतो. फोटो मिळतो, पण दाणेदार.

एक बारीक गोष्ट पेटीवरच लिहिलेली असते. ‘एफ/२.८-५.६’ असे दोन आकडे असले, तर २.८ फक्त छोट्या टोकाला मिळतो. झूम करत जाल तसा तो उतरत मोठ्या टोकाला ५.६ होतो. एकच आकडा असला, तर शेवटपर्यंत तोच. दुकानात ‘दोन पॉइंट आठची आहे’ असं ऐकलंत तर विचारा, कुठल्या टोकाला?

गैरसमज ४ : व्यावसायिक माणसाला एफ/२.८ शिवाय पर्याय नाही

वस्तुस्थिती : एफ/२.८ पेक्षा एफ/४ ला निम्मा उजेड मिळतो, एवढाच फरक. आजचे सेन्सर तो आयएसओ दुप्पट करून सहज भरून काढतात. आणि एफ/४ घेतल्यावर पल्ला वाढतो. सोनीची २४-१०५ एफ/४, कॅननची आरएफ २४-१०५ एफ/४, निकॉनची झेड २४-१२० एफ/४ या तिन्ही लेन्स ६३० ते ७०० ग्रॅमच्या आहेत. ७० ला थांबण्याऐवजी १०५ किंवा १२० पर्यंत जाता येतं, म्हणजे सप्तपदी चालू असताना मांडवात न घुसता नवरीचा चेहरा घेता येतो.

शिवाय लग्नातले निम्मे फोटो घोळक्याचे असतात. तीन रांगांचा कुटुंबाचा फोटो जवळून एफ/२.८ वर काढला तर पुढची आजी स्पष्ट आणि मागचे जावई धूसर होतात. तिथं एफ/५.६ किंवा एफ/८ वर जावंच लागतं, आणि लेन्स कितीची आहे हा प्रश्न उरत नाही. एफ/२.८ ची खरी गरज रात्रीची वरात, मंद दिव्यांचे कार्यक्रम, गाभारा आणि मैदान इथं आहे. तुमचं काम तिथलं असेल तर खर्च करा. नसेल तर ते पैसे एका चांगल्या फ्लॅशवर घाला.

गैरसमज ५ : स्टॅबिलायझेशन असलं की फोटो हलत नाही

वस्तुस्थिती : स्टॅबिलायझेशन तुमचा हात सांभाळतं, समोरच्याचे पाय नाही. हलगीच्या ठेक्यावर नाचणारी पोरं शटर तिसाव्या भागावर ठेवून टिपलीत तर मागची कमान लख्ख येईल आणि पोरांची नुसती रेघ उमटेल. तिथं शटरच वाढवायला हवं, आणि त्यासाठी उजेड किंवा मोठं अ‍ॅपर्चर. सामानगडाच्या सातकमान विहिरीत उतरलात तर मात्र हीच सोय देवासारखी धावून येते : दगडी पायऱ्या, कमानी, अंधुक उजेड, आणि हलणारं काहीच नाही. कॅमेऱ्याच्या बॉडीतच स्टॅबिलायझेशन असेल तर ते लेन्समध्ये नसलं तरी चालतं. बॉडीत नसेल तर लेन्समध्ये बघून घ्या, विशेषतः लांब पल्ल्याला आणि हातात धरून व्हिडिओ काढायला.

गैरसमज ६ : झूमचा फोटो प्राइमएवढा स्पष्ट येत नाही

वस्तुस्थिती : हे एकेकाळी खरं होतं. ३५ मिमी स्थिर कॅमेऱ्यासाठीची पहिली झूम, फोक्टलेंडर कंपनीची ३६-८२ मिलिमीटर ‘झूमार’, १९५९ मध्ये आली. त्यानंतरची अनेक वर्षं झूम म्हणजे सोय आणि प्राइम म्हणजे दर्जा अशीच वाटणी होती. संगणकावर केलेली रचना, अ‍ॅस्फेरिकल काचा आणि चांगले लेप यांमुळं ती दरी बरीच बुजली. मिररलेसमध्ये आणखी एक गोष्ट घडते : कडांचं वाकणं आणि कोपऱ्यांचा काळेपणा कॅमेराच आतल्या आत दुरुस्त करतो. आजच्या मध्यम पल्ल्याच्या झूमचा एफ/५.६ वरचा फोटो छापील अल्बममध्ये प्राइमपासून वेगळा ओळखणं अवघड आहे.

प्राइमचा फायदा दुसरीकडे आहे. एफ/१.८ ची साधी ५० मिलिमीटर लेन्स एफ/४ च्या झूमपेक्षा जवळपास पाचपट उजेड घेते. म्हणून ‘झूम की प्राइम’ असं भांडण लावण्यापेक्षा एक झूम आणि तिच्या जोडीला एक स्वस्त प्राइम ही जोडी बहुतेकांना पुरते.

गैरसमज ७ : डीएसएलआरच्या लेन्स आता भंगारात

वस्तुस्थिती : बहुतेक चालतात, पण विकत घेण्याआधी खात्री करा. मिररलेसमध्ये आरसा नसल्यानं लेन्स आणि सेन्सरमधलं अंतर घटलं. कॅननच्या जुन्या ईएफमध्ये ते ४४ मिलिमीटर होतं, आरएफमध्ये २० आहे. निकॉनच्या एफ माउंटला ४६.५, झेडला १६. मधली मोकळी जागा अडॅप्टरनं भरली की जुनी लेन्स नव्या बॉडीवर बसते. नवी लेन्स जुन्या बॉडीवर मात्र बसत नाही, कारण तिथं अंतर कमी करायचं कुठून?

कॅननच्या ईएफ लेन्स कंपनीच्या अडॅप्टरवर ऑटोफोकससकट चालतात. निकॉनवाल्यांनी सावध राहावं. ज्या जुन्या एएफ आणि एएफ-डी लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही, त्या एफटीझेड अडॅप्टरवर बसतात, पण फोकस हातानं करावा लागतो. स्टेजसमोर ते जमणार नाही.

गैरसमज ८ : वेदर सीलिंग आहे, पाऊस काय करणार!

वस्तुस्थिती : सीलिंग म्हणजे रबरी कड्या; त्या शिंतोडे आणि धूळ अडवतात. जलरोधक असा तिचा अर्थ नाही. आपली हिरण्यकेशी जिथं उगम पावते त्या आंबोलीत पाऊस आडवा-तिडवा येतो आणि धुकं कपड्यांतून आत शिरतं. तिथं प्लॅस्टिकचं रेनकव्हरच हवं. आणि तिथं मोठ्या पल्ल्याच्या एकाच झूमचं पारडं जड होतं, कारण लेन्स बदलण्यासाठी बॉडी उघडावीच लागत नाही. मिररलेसमध्ये आरसा नसल्यानं लेन्स काढल्यावर बऱ्याच मॉडेलमध्ये सेन्सर थेट उघडा पडतो. मिरचीच्या आणि गुळाच्या सौद्यातही तेच : मिरचीची उडणारी पूड नाकात गेली तर शिंक येते, सेन्सरवर बसली तर प्रत्येक फोटोत ठिपका.

खरा शत्रू घरी परतल्यावर लागतो, तो म्हणजे बुरशी. आजरा-चंदगडच्या पट्ट्यात चार महिने कपाटातली चप्पलही पांढरी पडते. ओली बॅग तशीच बंद ठेवली तर काचेवर जाळं धरायला वेळ लागत नाही. यूव्ही फिल्टरनं बुरशी थांबत नाही. चामड्याच्या केसमध्ये ती उलट वाढते. डांबरगोळ्या आणि कापूरही ठेवू नका. कॅमेरा कंपन्याच ते टाळायला सांगतात. घट्ट झाकणाचा डबा, ताजी सिलिका जेल आणि आत ठेवलेला छोटा आर्द्रतामापक एवढं पुरे. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. आणि लेन्स वापरत राहा. न वापरलेल्या लेन्सला बुरशी लवकर लागते.

मग घ्यायची कुठली?

घरचे कार्यक्रम, गड, सहली असं काम असेल आणि कॅमेरा क्रॉपचा असेल तर १६ ते १८ पासून सुरू होऊन ५० ते ८० पर्यंत जाणारी झूम. फुल फ्रेमवर लग्नाची कामं घेत असाल तर २४-१०५ किंवा २४-१२० एफ/४. रात्रीची कामं जास्त असतील तर २४-७० किंवा २८-७५ एफ/२.८. मैदान असेल तर ७०-२०० वेगळी घ्यावी लागेल, त्याला पळवाट नाही. फिरणं जास्त आणि अंधारातलं काम कमी, असं असेल तर १८-३०० किंवा २८-२०० खुशाल घ्या, आणि कुणी नाक मुरडलं तरी मनावर घेऊ नका.

यातही खात्री नसेल तर कुणाला विचारण्याआधी स्वतःलाच विचारा. आत्ता आहे त्या किट लेन्सनं काढलेले गेल्या वर्षीचे फोटो संगणकावर उघडा. प्रत्येक फोटोच्या माहितीत तो किती मिलिमीटरवर, किती आयएसओवर काढला ते नोंदलेलं असतं. शंभर-दोनशे फोटोंचे आकडे वहीत उतरवा. सगळे १८ ला येऊन अडकले असतील तर तुम्हाला रुंद टोक कमी पडतंय. सगळे ५५ ला अडकले असतील तर लांब टोक. आयएसओ सारखा ६४०० वर चढलेला दिसला, तर पल्ला राहू द्या, उजेडाची लेन्स बघा. मनात ठरलेली लेन्स एका लग्नापुरती भाड्यानं आणून बघता आली तर आणखी चांगलं.

मग त्या काउंटरवर परत जा. या वेळी ‘सगळं भागलं पाहिजे’ असं म्हणायची वेळ येणार नाही. तुम्ही उभे कुठं राहता आणि तिथं उजेड किती, दोन्ही वहीत लिहिलेलं असेल.