पाट, मोहतूर आणि सातबारा

साठीनंतर लग्न म्हटले की पुण्या-मुंबईचे ज्येष्ठांचे मेळावे आठवतात. आमच्या पूर्णाकाठच्या जाफराबादेत हा विषय निघाला की ‘ही शहरातली थेरं’ असा शेरा ठरलेला. मला तो पटत नाही. नवरा गेलेल्या बाईने दुसरे घर करणे मराठवाड्याच्या खेड्यांना नवे नाही. त्यासाठी आपल्या भाषेत जुने शब्दच आहेत : पाट आणि मोहतूर. उतारवयातल्या लग्नाला आज जो अडथळा होतो तो लाजेचा कमी आणि जमिनीचा जास्त आहे, असे मला वाटते. ते का, हे इथे मांडतो.

ब्राह्मण आणि स्वतःला उच्चकुलीन म्हणवणारी काही घराणी वगळली, तर बहुतेक शेतकरी आणि कारागीर जातींत पाट लावण्याची चाल होती. मराठेशाहीत त्यावर ‘पाटदाम’ नावाचा करही घेत. पाटाला लग्नाइतका मान मात्र नव्हता. तो रात्रीच्या वेळी लागे आणि सवाष्णी तिथे थांबत नसत. वर पहिलटकर असेल तर आधी रुईच्या झाडाशी त्याचे लग्न लावीत. मान कमी असला तरी संसार खरा मानला जाई आणि त्यातली मुले औरस ठरत.

शाळेत आपण शिकतो तो सुधारणेचा इतिहास वेगळा आहे. विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकाराने १८६९मध्ये मुंबईत झालेला पुनर्विवाह, १८९३मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी केलेले लग्न, हे त्यातले टप्पे. या लढ्याला आधार होता तो जुलै १८५६च्या विधवा-पुनर्विवाह कायद्याचा. त्याच्या पहिल्या कलमाने असे लग्न वैध केले. दुसऱ्या कलमाची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. पुनर्विवाह करताच विधवेचा मृत नवऱ्याच्या मिळकतीवरील हक्क संपतो, जणू ती त्याच दिवशी मेली, असे ते कलम सांगत होते.

ज्यांच्यात पाट आधीपासूनच होता, त्यांना हे कलम लागू होते का? यावर न्यायालयांत मतभेद झाले. रूढीने पुनर्विवाह करणाऱ्या जातींना या कायद्याची गरजच नाही, म्हणून त्यातली शिक्षाही त्यांना नाही, असे अलाहाबादच्या न्यायालयाने म्हटले. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १८९६च्या विठू विरुद्ध गोविंदा या निकालात उलट भूमिका घेतली : पाट लावणारी बाईही हक्क गमावते. निजामाच्या मुलखातल्या जाफराबादला तो ब्रिटिश कायदा थेट लागू नव्हता. तरी ‘दुसरे घर केले की पहिल्या घरची जमीन सुटली’ हा समज आजही आमच्या पारावर ऐकू येतो.

कायदा मात्र कधीच बदलला. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवेला वारशाने आलेल्या मिळकतीची पूर्ण मालकी दिली. १८५६चा कायदा १९८३मध्ये रद्द झाला. चेरोत्ते सुगथन खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की वारसा मिळाल्यानंतर विधवेने लग्न केले म्हणून ती मिळकत तिच्याकडून काढून घेता येत नाही.

मग घरात भांडण होते ते कशावरून? साधा हिशेब करून पाहू. विधुराची स्वकष्टार्जित बारा एकर जमीन आहे, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे, आई हयात नाही. तो मृत्युपत्राविना गेला तर प्रत्येकाला चार एकर. त्याने पुन्हा लग्न केले असेल तर नवी पत्नीही मुलांच्या बरोबरीची वारस होते, आणि वाटा तीन एकरांवर येतो. विधवेच्या बाबतीत पेच आणखी अवघड. तिने पुन्हा लग्न केले आणि ती मृत्युपत्राविना गेली, तर तिच्या मुलांसोबत दुसरा नवराही वारस ठरतो. म्हणजे पहिल्या नवऱ्याच्या शेताचा एक तुकडा परक्या घरात जाऊ शकतो. ‘या वयात शोभतं का?’ असे मुलगा विचारतो, तेव्हा पुष्कळदा त्याच्या डोळ्यांपुढे हा सातबारा असतो.

शहरांनी यावर काढलेली वाट म्हणजे लग्नाविना सोबत. पुण्यात माधव दामले यांनी २०१२मध्ये ज्येष्ठांसाठी लिव्ह-इन रिलेशनशिप मंडळ सुरू केले. अशा सोबतीत मिळकती वेगळ्या राहतात, म्हणून मुलांचा विरोध सौम्य होतो. पण त्याची किंमत बहुधा बाईच मोजते. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने विवाहसदृश नात्यातल्या स्त्रीला काही संरक्षण दिले, तरी वारसाहक्क दिलेला नाही. दहा वर्षे आजारपण काढलेल्या बाईला, तो माणूस गेल्यावर त्याच्या घरात राहण्याचीही खात्री नसते. पुरुषाला सोबत मिळते आणि बाईला काम, असे होऊ नये.

खरा उपाय त्या मानाने साधा आहे. स्वतःच्या मिळकतीचे मृत्युपत्र करता येते. जमीन आपापल्या मुलांना आणि राहते घर जोडीदाराला तहहयात, असे त्यात लिहिता येते. मृत्युपत्राला नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार लागतात. तरी दुय्यम निबंधकाकडे ते नोंदवून घेतलेले बरे. लग्नाआधीच दोन्हीकडच्या मुलांना बसवून हे कागद वाचून दाखवावेत.

२०११च्या जनगणनेत देशात चार कोटींहून अधिक विधवा होत्या आणि विधुर त्यांच्या मानाने बरेच कमी. त्या बायांपैकी किती जणींना लग्न हवे आहे, हे त्यांनीच ठरवायचे. पण म्हातारपणी एकटीने चूल फुंकणारी बाई हो म्हणू पाहत असेल, तर तिला कोणी खोट्या कायद्याची भीती घालू नये. तिच्या नावाचा सातबारा तिचाच राहतो, एवढे तरी तिला गावाने सांगावे.