इंग्रजी सर्वनामें आणि घरचा अभ्यास

इंग्रजी सर्वनामांचे प्रकार बहुतेक मुलांना मुखोद्गत असतात. पुरुषवाचक, दर्शक, संबंधी, प्रश्नार्थक, आत्मवाचक ही मालिका तीं न अडखळतां म्हणून दाखवितात. आणि वडिलांविषयीं चार वाक्यें लिहावयास सांगितलीं कीं 'ही'च्या जागीं 'दे' लिहून मोकळीं होतात. शिक्षक तें तांबड्या शाईनें खोडतात व मूल ढ ठरतें. आमच्या मतें हा त्या मुलावर अन्याय आहे. 'बाबा आले, ते दमले आहेत' असें बोलण्याचें वळण आपणच त्याला लाविलें. आदरार्थी अनेकवचन ही मराठीची रीत आहे, आजच्या इंग्रजीची नव्हे, एवढेंच त्याला कोणी सांगितलेलें नसतें. इंग्रजींतही एकट्या व्यक्तीला 'दे' लावितात, परंतु ती स्त्री कीं पुरुष हें ठाऊक नसतां किंवा सांगावयाचें नसतां; आदराशीं त्याचा संबंध नाहीं.

म्हणून प्रकारांच्या यादीपूर्वीं मुलाच्या तोंडच्या मराठीपासून आरंभ करावा. 'आम्ही देवळांत निघालों' म्हटलें तर पाहुणा ओसरीवर बसून राहतो. 'आपण देवळांत निघालों' म्हटलें तर तो वहाणा शोधूं लागतो. इंग्रजींत दोहोंना एकच 'वी'. (या लेखांतील 'आम्ही' एकट्याचेंच आहे, लेखणीला ती मुभा दोन्ही भाषांत आहे.)

'तूं', 'तुम्ही', 'आपण' या तिहींना मिळून 'यू' कां, हा प्रश्न चौकस मूल विचारतेंच. त्याला टाळूं नये. इंग्रजींतही पूर्वीं एकाला 'दाउ' व अनेकांना 'यू' असा भेद होता. पुढें आदरासाठीं एकालाही 'यू' म्हणूं लागले, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत 'दाउ' नित्याच्या व्यवहारांतून बहुतेक उठला. प्रार्थना, काव्य व कांहीं बोलींत तेवढा उरला. एकट्या माणसापुढेंही 'यू इज' न होतां 'यू आर' कां होतें, हें यावरून मुलाला आपोआप कळतें, आणि आपल्या आदरार्थी अनेकवचनाचें भावंड तेथें सांपडल्याचा आनंद होतो तो निराळाच.

खरी अडचण 'हिज'ची आहे. 'गोविंदानें माधवाला आपली छत्री दिली' यांत छत्री गोविंदाची. 'त्याची छत्री दिली' यांत बहुधा माधवाची. इंग्रजींत दोन्हीं ठिकाणीं 'हिज' येतें व धनी कोण हें संदर्भावरून ठरवावें लागतें. भाषांतर करतांना मुलानें प्रथम 'छत्री कोणाची?' असें विचारावें. गोविंदाची असून घोटाळा होण्यासारखा असेल, तर 'हिज ओन' लिहावें. 'हिमसेल्फ' येथें उपयोगी नाहीं.

संबंधी सर्वनामाला वेळ कमी लागतो. 'जो मुलगा काल आला तो माझा भाऊ' याचें शब्दशः इंग्रजी करूं पाहणारें मूल 'हू'नें आरंभ करतें आणि फसतें. त्याच्याकडून आधीं मराठी वाक्यच फिरवून घ्यावें : 'तो मुलगा, जो काल आला, माझा भाऊ आहे.' मराठी कानाला हें थोडें अवघडलेलें वाटेल, पण इंग्रजी उपवाक्यें त्यांत क्रमानें बसतात.