थोडे पाणी, थोडा साबण

घरात धुलाईचे नवे यंत्र आले, की पहिले काही दिवस घरातली सगळी मंडळी त्याच्यासमोर येऊन बसतात. आमच्याकडेही तसेच झाले. पुढे काचेचे दार असलेले, कमी पाण्यात धुणारे असे ते यंत्र. सासूबाईंनी काचेतून डोकावून पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, तळाशी चार तांबे पाणी दिसतंय. एवढ्याशा पाण्यात का कपडे निघायचेत?" आणि त्यांनी मायेने आणखी दोन चमचे पावडर घातली. काचेपलीकडे फेसच फेस झाला आणि यंत्र मध्येच थांबले.

एकदाच घडले असते, तर ते हसण्यावारी गेले असते. पण पावडर रोजच सढळ हाताने पडत राहिली. टॉवेल ताठ होऊ लागले, काळ्या कपड्यांवर पांढरे ओघळ उमटू लागले आणि घरातल्या तान्ह्या बाळाच्या अंगावर पुरळ उठले. पुरळाची कारणे पुष्कळ असतात, म्हणून आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मलम दिले आणि विचारले, "दुपटी नीट खळबळून निघतात ना?" घरी येऊन धुतलेली दुपटी पावडर न घालता पुन्हा यंत्रात फिरवली. काचेमागे पाहतो तो फेस! इतके दिवस आम्ही बाळाला साबणात गुंडाळत होतो.

आता असे का व्हावे? बादलीत आपण कपडे बुडवतो, पाण्यातच चोळतो. वरून कपडे टाकायच्या बहुतेक यंत्रांतही कपडे पाण्यात तरंगत ठेवून घुसळतात. पुढे दार असलेल्या यंत्राची रीत निराळी आहे. त्याचे पिंप आडवे असते. ते कपड्यांना वर उचलते आणि खालच्या थोड्या पाण्यात आपटते. नदीवर दगडावर कपडे आपटावेत, तसाच हा प्रकार. मळ निघतो तो या आपटण्याने, ओल्या कपड्यांच्या एकमेकांवर घासण्याने आणि साबणाने. तेथे फेस झाला, की त्याची जणू गादी तयार होते. कपडे गादीवर पडले तर आपटणार कसे? शिवाय इतका साबण थोड्या पाण्यात निघूनही जात नाही. फेस म्हणजे स्वच्छता, हा आपला जुना समज. या यंत्रापुरता तरी तो सोडून द्यायला हवा.

ही सवय बदलण्याचे मोलही मोठे आहे. सहा-सात किलो कपड्यांना अशा यंत्राला साधारणपणे ५० ते ७० लिटर पाणी पुरते, म्हणजे तीन-चार बादल्या. वरून कपडे टाकायच्या साध्या स्वयंचलित यंत्राला बहुधा याच्या दुप्पट लागते. उन्हाळ्यात ज्यांच्या दारात टँकर येतो, त्यांना हा फरक समजावून सांगायला नको.

तेव्हा यंत्र निवडताना काय पाहावे? पहिली गोष्ट म्हणजे नळाच्या पाण्याचा जोर. पुस्तिकेत किमान दाब 'बार' या मापात दिलेला असतो. १० मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब सुमारे १ बार असतो. तुम्ही वरच्या मजल्यावर राहत असाल आणि गच्चीवरची टाकी डोक्यावर जेमतेम हातभर असेल, तर आधी चौकशी करा. जेथे नळाला तासभरच पाणी येते, तेथे बादलीने पाणी भरता येणारे दोन पिंपांचे अर्धस्वयंचलित यंत्रच सोयीचे. त्यात कमीपणा मानू नये.

दुसरी गोष्ट आकाराची. यंत्रावरचे किलो हे कोरड्या सुती कपड्यांचे असतात. घरचे एका दिवसाचे धुणे गाठोड्यात बांधा, ते हातात घेऊन काट्यावर उभे राहा आणि त्यातून स्वतःचे वजन वजा करा. दुकानदारापेक्षा हा काटा खरे सांगेल. तिसरी गोष्ट, यंत्रावरच्या ताऱ्यांची. आपल्या देशात धुलाई यंत्रांसाठी ही तारांची योजना आहे. कपड्यांच्या दर किलोमागे वीज किती आणि पाणी किती, हे तिच्यात पाहिले जाते. चौथी गोष्ट पिळण्याच्या वेगाची. मिनिटाला ६०० फेऱ्यांऐवजी त्याच पिंपाच्या १२०० फेऱ्या झाल्या, तर जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. कोकणात श्रावणभर दांडीवर ओले कपडे लोंबत असतात, तेथे हा वेग उपयोगी पडतो. रेशमी आणि नाजूक कपड्यांना मात्र कमी वेगच बरा.

यंत्र घरी आले, की वाहतुकीसाठी पिंप आवळून ठेवणारे मागचे बोल्ट काढले आहेत ना, हे पाहून घ्या. ते राहिले, तर यंत्र घरभर नाचेल. चारही पाय जमिनीला टेकलेले हवेत आणि विजेच्या जोडणीला अर्थिंग हवेच.

आता रोजच्या वापराचे. कपडे सैलसर भरा. वरच्या बाजूला उभा तळहात शिरेल एवढी जागा राहू द्या. उलट, एकटी सोलापुरी चादर टाकली, तर भिजून ती एका बाजूला गोळा होते आणि पिळताना यंत्र अडखळते. तिच्या जोडीला दोन-तीन टॉवेल द्या. 'फ्रंट लोड' यंत्रासाठी असलेली, कमी फेसाची पावडरच वापरा. पाकिटावरच्या मापापासून सुरुवात करा. थोडेच आणि कमी मळलेले कपडे असतील, तर माप उतरवा. विंधनविहिरीचे जड पाणी असेल, तर थोडी जास्त लागेल, पण तीही पाकिटावर सांगितली असेल तेवढीच. माप बरोबर आहे की नाही, याची परीक्षा आमच्याच दुपट्यांची: धुतलेले कपडे नुसत्या पाण्यात फिरवा. फेस आला, तर माप चुकले.

विजेचा बराचसा खर्च पिंप फिरवण्यात होत नाही, पाणी तापवण्यात होतो. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.६ युनिट लागते. ४० अंशांवर थांबलात, तर पाव युनिटाच्या आसपास. म्हणून रोजचे कपडे साध्या पाण्यात धुवावेत. आजाऱ्याची अंथरुणे, बाळाचे लंगोट यांना मात्र कढत पाणी द्यावे. धुणे संपायला दोन तास लागले, तर चिडू नका. पाणी वाचते, त्याची भरपाई यंत्र वेळाने करते.

धुणे झाले, की दाराची रबरी कडी फडक्याने कोरडी करा आणि दार थोडे उघडे ठेवा, म्हणजे कुबट वास येणार नाही. घरात लहान मूल असेल, तर ते आत शिरणार नाही, याकडे मात्र लक्ष हवे. गाळणी अधूनमधून उघडून पाहा. बटणे, नाणी आणि केसांचा गुंता तेथेच सापडतो.

आमच्या बाळाचे पुरळ मलमाने आणि नीट खळबळलेल्या दुपट्यांनी ओसरले. पावडरीचा डबा आता सासूबाईंच्याच ताब्यात आहे. माप घेऊन त्या चमच्यावरून बोट फिरवतात, वरची रास परत डब्यात टाकतात आणि म्हणतात, "पुरे. पाण्याला खळबळायला जागा ठेवा."