डिकीत दुसरा सबवूफर बसवताना

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत त्याहूनही जास्त उष्णता साचते. ॲम्प्लिफायर बहुधा तिथेच असतो. दुसरा सबवूफर जोडू पाहणाऱ्या हौशी मंडळींनी म्हणूनच आधी त्याच्याकडे बघावं.

४ ओहमचे, एकेरी कॉइलचे दोन सबवूफर समांतर जोडले की ॲम्प्लिफायरवरचा रोध २ ओहमवर येतो. त्याची तेवढी क्षमता नसेल तर तो तापतो, आपोआप बंद पडतो, कधी जळतोही. एकसर जोडणीत रोध ८ ओहम होतो. धोका टळतो, पण ताकद घटते.

मग फायदा किती? दोन्ही सबवूफरना पहिल्याइतकी पॉवर मिळाली, तर आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. तीच पॉवर दोघांत वाटली, तरी जवळपास ३ डेसिबल हाती लागतात, आणि ही खरी कमाई! मात्र एकाचीच प्लस-मायनस तार उलटी लागली, तर दोघे एकमेकांचा बास खाऊन टाकतात.

नागपूरच्या मेडिकल चौकातून जाताना, रुग्णालय जवळ असल्याने, आवाज कमीच ठेवावा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शांतता क्षेत्रातली मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल आहे.