'औषधरोधी' म्हणजे 'असाध्य' नव्हे

क्षयरोगाच्या तपासणीचा रिपोर्ट हाती येतो आणि त्यावर 'एमडीआर' ही अक्षरे दिसतात. घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, 'म्हणजे आता औषधच लागू पडणार नाही का?' गिरगावातल्या फणसवाडीसारख्या दाट वस्तीत, चाळीच्या एका खोलीत चार-पाच माणसे राहत असतील, तर धास्ती साऱ्या घराला बसते. प्रत्यक्षात या शब्दाचा अर्थ मर्यादित आहे.

'मल्टी-ड्रग रेझिस्टंट' म्हणजे आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन या दोन मुख्य औषधांना दाद न देणारा क्षय. इतर औषधे शिल्लक असतात. ही प्रतिकारशक्ती रुग्णाच्या शरीरात नसते, जंतूत असते. असंख्य जंतूंपैकी थोड्यांमध्ये जनुकीय बदल होतो आणि एखादे औषध त्यांच्यापुढे निकामी ठरते. म्हणूनच अनेक औषधे एकत्र दिली जातात. उपचार चुकीचे किंवा अर्धवट झाले, की साधे जंतू मरतात आणि चिवट जंतू फोफावतात. खोकल्यावाटे तेच दुसऱ्याकडे जातात. त्यामुळे पूर्वी क्षयाची एकही गोळी न घेतलेल्यालाही हा आजार होऊ शकतो. तेव्हा रुग्णाला बोल लावू नये.

शब्द किती जपून वापरावा लागतो, हे मुंबईने अनुभवले आहे. २०११च्या अखेरीस माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. तपासलेल्या एकाही औषधाला त्यांच्यातील जंतू दाद देत नव्हते. या क्षयाला 'टोटली ड्रग रेझिस्टंट' म्हटले गेले आणि खळबळ उडाली. केंद्र सरकारने या नावाला आक्षेप घेतला. जागतिक आरोग्य संघटनेनेही ते स्वीकारले नाही. काही औषधांच्या चाचण्या पुरेशा भरवशाच्या नव्हत्या आणि नवी औषधे येऊ घातली होती. डॉक्टरांनी दिलेला इशारा मात्र खराच होता.

२०१२च्या डिसेंबरात अमेरिकेत बेडाक्विलिनला मान्यता मिळाली. २०२४मध्ये भारत सरकारने बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन या चार औषधांच्या उपचाराला मंजुरी दिली. पूर्वी २० महिन्यांपर्यंत चालणारे उपचार त्यामुळे पात्र रुग्णांमध्ये सहा महिन्यांवर आले.

म्हणून रिपोर्ट पाहून डॉक्टरांना विचारावे: जंतू कोणत्या औषधांना दाद देत नाहीत आणि कोणती औषधे अजून लागू पडतात? सरकारी कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. घरातल्या इतरांचीही तपासणी करून घ्यावी, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि बरे वाटू लागले तरी डॉक्टरांनी सांगेपर्यंत गोळ्या थांबवू नयेत.